काळजीवाहू, जैवशाई विभाग

कोणतीही वस्तू जिवंत ठेवण्यासाठी तीन बाबी आवश्यक असतात: ऊब, ओलावा आणि एक जबाबदार माणूस. पहिल्या दोन बाबी यंत्राकडून मिळतात. तिसरी नेमावी लागते. आमच्या विभागाने मला नेमलं.

नेमणुकीमागचं कारण पूर्णपणे शास्त्रीय होतं. पेशींकडे लक्ष कोण देणार, असं बैठकीत प्रमुख बाईंनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरी सव्वा वर्षाची मुलगी होती आणि ती जिवंत होती. एवढा भक्कम पुरावा दुसऱ्या कुणाकडेही नव्हता. (आमचे छपाईवाले, म्हणजे प्रिंटर चालवणारे इंजिनिअर, यांनी एकदा निवडुंग पाळला होता. त्याविषयी ते बोलत नाहीत.)

विभागाच्या कार्याची ओळख करून देणं माझं कर्तव्य आहे. आम्ही शाई तयार करतो, पण तिने लिहीत नाहीत. तिने कातडी छापतात. ही शाई म्हणजे पाण्याने टम्म फुगलेली एक जेली. वाढदिवसाला साच्यातून काढतात तशी ती दिसते. (म्हणून फ्रिजवर ‘खाण्यासाठी नाही’ असं लिहिलं आहे. खाली ‘खरंच नाही’ हे नंतर लिहावं लागलं.) या जेलीत जिवंत पेशी मिसळायच्या, ती सुईतून थराथराने सोडायची, आणि त्यातून कधीतरी भाजलेल्या माणसाच्या अंगावर लावता येईल असं ठिगळ तयार करायचं.

चांगल्या जैवशाईचं मुख्य लक्षण असं, की दाब पडला की ती नरम व्हावी आणि दाब हटला की लगेच ताठ. (हा गुणधर्म माझ्या नवऱ्यात आढळतो, मात्र त्याची छपाई करता येत नाही.) छापून झाल्यावर तिला क्षणभर निळ्या उजेडात धरतात. उजेड पडला की जेलीतले धागे एकमेकांना गाठी मारतात आणि ठिगळ घट्ट होतं. गाठी कमी पडल्या तर ते ओघळतं. जास्त झाल्या तर आतल्या पेशी जगतात, पण त्यांना हातपाय पसरायला जागाच उरत नाही. आयुष्यभर गोल गोल बसून राहतात.

शाईची जेली झाली की नाही हे ठरवण्याची कसोटी साधी आहे. बाटली उलटी धरायची. सांडलं तर द्रव, नाही सांडलं तर जेली. या कसोटीवर माझा इतका विश्वास बसला, की कन्येचं कुस्करलेलं केळंही मी वाटी उलटी करून तपासू लागले. केळं द्रव निघालं. खाली नवरा ऑफिसला जायच्या कपड्यांत बसला होता.

तर, तपासणी समिती येणार होती. तिच्यासमोर ठिगळातल्या पेशींनी हातपाय पसरून एकमेकींना धरलेलं दिसलं पाहिजे, अन्यथा जैवशाई विभाग बंद करून आम्हाला वरच्या मजल्यावरच्या भिंतरंग विभागात सामावून घेण्यात येईल, असं ठरलं होतं. तसा भिंतरंग विभाग प्रेमळ. त्यांनी आमच्यासाठी खुर्च्या पुसूनही ठेवल्या होत्या. बाईंची उमेदीची सगळी वर्षं या जेलीत गेली होती. हल्ली त्या जिन्याने जाताना वरच्या मजल्याकडे मान वळवत नसत.

पहिल्या खेपेच्या पेशी मेल्या. चौकशी झाली. तीत मृत्यूची कारणं अशी निघाली: पेशी ठीक आहेत का हे पाहण्यासाठी त्यांना ऊब देणाऱ्या पेटीचं, म्हणजे उबपेटीचं, दार उघडणं, त्यामुळे ऊब गेली का हे पाहण्यासाठी दार उघडणं, आणि दार नीट लागलं का याची खात्री करण्यासाठी दार उघडणं. तिन्ही प्रसंगी दार उघडणारी व्यक्ती एकच होती. अहवालात तिचा उल्लेख नाही, कारण अहवाल तिनेच लिहिला.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “दार उघडल्याशिवाय काळजी करता येते का ते बघ.”

येते. विज्ञानाने त्याची सोय केली आहे. लहान मुलांवर नजर ठेवण्याचे कॅमेरे बाजारात जोडीने मिळतात. एक मी घरी कन्येच्या खेळायच्या कुंपणावर लावला, दुसरा उबपेटीच्या वरच्या खणात. फोन उघडला की दोन चौकटी दिसत. डावीकडे कन्या, उजवीकडे पेशी. दुसऱ्या खेपेची ठिगळं मी चौकटीत नीट मावतील अशी ओळीने मांडली. एक ठिगळ मात्र वेडंवाकडं आलं होतं. सुई मोकळी करायला छपाईवाल्यांनी सुरुवातीला काढलेलं ते. समितीला दाखवण्यासारखं नव्हतं, म्हणून ते खालच्या खणात, पोलादी फळीच्या आड सारलं.

यानंतर माझी कार्यक्षमता वाढली. विभागीय अंदाजानुसार जागेपणीच्या वेळेपैकी साठ टक्के मी उजवी चौकट पाहत असे आणि साठ टक्के डावी. (बेरीज जुळत नाही हे खरं, पण आई झाल्यापासून माझी कोणतीच बेरीज जुळलेली नाही.)

डाव्या चौकटीत चिंतेचं कारण होतं. कन्या चालत नव्हती. वास्तविक तिच्यासाठी काय केलं नव्हतं? टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज, जमिनीवर गादी, गादीवर रजई, भोवती कुंपण आणि पाठीला बांधलेली उशी, मागे पडलीच तर म्हणून. ती कुंपण धरून उभी राही आणि उशीसकट खाली बसे. डॉक्टरांनी तिचे पाय तपासले, उत्तम आहेत म्हणाले, आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

सासूबाईंचं निदान बिनफीचं होतं. “अगं, सोड तिला मोकळी. जमीन काही खात नाही.”

समिती येण्याच्या आदल्या दिवशी उजव्या चौकटीतली ठिगळं मायक्रोस्कोपखाली गेली. बाईंनी बराच वेळ डोळा लावला.

“जिवंत आहेत,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “सगळ्या?”

“सगळ्या. गोल. हललेली एकही नाही.” मग त्यांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छ असतानाही पुसला. “शाई तर नेहमीचीच होती ना गं?”

शाई नेहमीचीच होती. मी ठिगळं परत पेटीत ठेवली, चहाच्या मशीनपाशी गेले आणि मन शांत करण्यासाठी फोन उघडला. तेवढ्यात पेटीजवळून छपाईवाल्यांचा आवाज आला.

“ही पेटी आतून निळी का दिसतेय?”

मी फोन मिटला.

“निळाई गेली.”

मी फोन उघडला.

“आली. तू आत्ता बघितलंस का?”

“हो.”

“आता नको बघू. हं. आता बघ.”

असं बराच वेळ चाललं. निष्कर्ष असा, की कॅमेऱ्याला अंधारात दिसावं म्हणून एक छोटा निळा दिवा होता, आणि मी पाहिलं की तो लागत असे. ठिगळांना निळा उजेड एकदाच, क्षणभर द्यायचा असतो. मी तो साठ टक्के वेळ देत होते. मी पाहायचे, दिवा लागायचा आणि आणखी एक गाठ बसायची. म्हणजे पेशी माझ्या देखत, माझ्यामुळे, अत्यंत सुखरूप आवळल्या जात होत्या.

बाईंनी खालच्या खणातलं वेडंवाकडं ठिगळ काढून मायक्रोस्कोपखाली धरलं. मग खुर्चीवरून उठल्या आणि मला बसवलं. आत एकही पेशी गोल नव्हती. लांबट झालेल्या, फांद्या फुटलेल्या, एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. पसरता पसरता त्यांनी ठिगळाची एक कडाही खाल्ली होती. अशा बेशिस्तीत मी इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी समितीनेही ते पाहिलं. सगळे सदस्य आळीपाळीने वाकले. विभाग वाचला. अध्यक्षांनी बाईंचं अभिनंदन केलं आणि विचारलं, की बाकीची इतकी सुबक, ओळीत मांडलेली ठिगळं असताना हेच कसं साधलं? बाई म्हणाल्या, याच्याकडे कुणी पाहिलं नाही. हे समितीला अतिशय गंभीर वाटलं. यशाकडे दुर्लक्ष झाल्याबद्दल नाराजी नोंदवण्यात आली आणि पुढील वर्षी प्रत्येक खणात, खालच्या खणासह, कॅमेरा बसवण्यास मंजुरी मिळाली. देखरेखीसाठी अनुभवी व्यक्ती म्हणून माझी शिफारस झाली.

मी तडक घरी गेले. कन्येची उशी सोडली, कुंपणाचं दार उघडलं आणि कॅमेरा काढायला स्टुलावर चढले. त्याचा स्क्रू घट्ट बसला होता. (मीच बसवला होता.) पाठीमागे सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या.

मग म्हणाल्या, “चालली.”

“कोण?”

“कोण काय? आली माझ्यापर्यंत. तुझी पाठ होती.”

मी वळले. कन्या आजीच्या गुडघ्याला धरून उभी होती. मी म्हटलं, पुन्हा एकदा चाल ना गं राणी, आईला बघू दे. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि खाली बसली.

चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझा अंगठा दिसतो.

मी सुधारले आहे. दिवसातले चाळीस टक्केच पाहते. वाचकांची परिस्थिती अर्थात वेगळी आहे. आपण समंजस आहात, आणि एवढा वेळ मला हसलात ते योग्यच. फक्त मघाशी, मुलीच्या पायांचा विषय निघाला तेव्हा, आपण वाचन थांबवून फोन हातात घेतलात आणि आपलं कुणीतरी ठीक आहे ना, ते पाहून घेतलंत. ठीकच होतं.

तिकडे दिवा लागला.