हलका कॅमेरा, सोबत दगड एक

कॅमेरा एक. भिंगे तीन, त्यांपैकी एकाला बुरशी. लोखंडी तिपाई एक. सागवानी पेटी एक, तिला कुलपे दोन, किल्ली एक. गंजमाळावरच्या वखारीत लाकडे तोलायच्या काट्यावर सगळे मिळून भरले एकोणीस किलो चारशे ग्रॅम. जयरामने पुन्हा एकदा तोलून पाहिले. तो भौतिकशास्त्राचा बीएस्सी होता आणि एकदाच तोललेल्या वस्तूवर त्याचा विश्वास नसे.

नाशिकच्या क्रीडा व वन्यजीव छायांकन कक्षात तो हंगामी छायाचित्रकार होता. खेळाडू आणि पशुपक्षी दोघेही पळतात, म्हणून १९८२ साली दोघांना एकाच कक्षाखाली आणण्यात आले होते. जयरामला कायम करण्यासाठी अट एकच होती: मार्चअखेर हलत्या विषयाचे एक स्पष्ट छायाचित्र सादर करावे. कबड्डीच्या मैदानावर तो तिपाईचे पाय उघडेपर्यंत चढाईला गेलेला गडी परत येऊन पाणी पीत असे. सायखेड्याच्या पुढे धरणावर तिपाई कुरकुरली की करकोचे उडून जात. पाण्याची मात्र कक्षाकडे उत्तम छायाचित्रे जमली होती.

म्हणून जयरामने प्रस्ताव दिला: छोटा कॅमेरा, लांब पल्ल्याचे एक भिंग, तिपाईऐवजी एकपायी काठी. एकूण वजन अडीच किलो.

कक्षप्रमुख गांगुर्डे साहेबांनी प्रस्ताव वाचून चष्मा काढला.

"अरे जयराम, पंधरा किलोंच्या खाली हमाल मंजूर होत नाही. हमाल नाही तर जीप नाही."

"सायखेड्याला एसटी जाते, साहेब. मी एकटा जाईन."

"तू जाशील रे! सोमवारी आमच्या घरच्यांना त्र्यंबकेश्वरला कोण नेईल? तुझं भिंग?"

दाराशी मंगळू उभा होता. तो पेठकडचा, कक्षाची पेटी उचलणारा हमाल. "भाऊ," तो हळूच म्हणाला, "कॅमेरा हलका झाला तं म्या काय उचलू?"

भौतिकशास्त्रात याचे उत्तर नव्हते. साहेबांकडे होते. हलका कॅमेरा घ्यावा आणि वजनात येणारी तूट 'भरपाई वजना'ने भरून काढावी. भरपाई वजन म्हणजे दगड. गोदावरीतला घेतला तर भावना दुखावतील, म्हणून खाणीतला, रीतसर निविदा मागवून. तेरा किलोंचा काळा दगड आला. त्याच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नोंद क्रमांक पडला. कॅमेरा आणि दगड मिळून एकच संच होत असल्याने दोघांना दीडफुटी साखळीने जोडण्यात आले.

"आता चोरीचीही भीती नाही," साहेब म्हणाले.

फेब्रुवारीत मंगळूने दगड धरणाच्या काठावर ठेवला आणि दोघे गप्प बसून राहिले. कुरकुरणारे काही नसल्यामुळे पक्षी जवळ येऊ लागले. एक करकोचा तर थेट दगडावरच येऊन बसला. भिंगाला किमान चार मीटर अंतर लागत होते. साखळी दीड फूट होती. जयराम मागे सरकला, साखळी खणखणली, करकोचा उडाला.

जयरामने मंगळूकडे पाहिले. मंगळूने आभाळाकडे पाहिले. जयरामने साखळीचा स्क्रू सोडवला, कॅमेरा घेतला आणि काठाकाठाने पळत सुटला. त्याने काढलेल्या फोटोत अख्खा थवा पाण्यावरून उठत होता. पीस न् पीस दिसत होते. एका करकोच्याच्या पायावरून निथळणारा थेंबसुद्धा हवेत थांबला होता.

"वा!" साहेब म्हणाले. "अप्रतिम! दगड कुठाय?"

"दगड मागे काठावर होता, साहेब."

"म्हणजे फोटोत नाही. मग पूर्ण संच वापरला, हे लेखापरीक्षकाला कसं पटवू? जीप कशाला नेली, मंगळू कशाला नेला, सगळं विचारेल तो."

"पण साहेब, पक्षी बघा ना."

"पक्ष्यांवर नोंद क्रमांक आहे का?"

मंगळू दाराशीच उभा होता. जयरामने त्याच्याकडे पाहिले, स्क्रू घट्ट केला आणि दोघे पुन्हा धरणावर गेले. या वेळी कॅमेरा साखळी पुरेल तेवढा लांब ठेवला आणि घरून आणलेले साधे भिंग लावले. फोटोत पुढे दगड आला, त्याचा क्रमांक लख्ख वाचता येत होता. मागे पांढुरके कसले तरी फराटे उमटले होते.

"साहेब, अट हलत्या विषयाची आहे," जयराम म्हणाला. त्याला खोटे सादर करायचे नव्हते. "दगड हलत नाही."

"नाशिकहून सायखेड्याला गेला ना? परत आला ना?" साहेबांनी सही केली. "आणखी किती हलायचं बिचाऱ्यानं?"

जयराम कायम झाला. मंगळूची जागा राहिली. सोमवारची जीपही राहिली.

एप्रिलमध्ये कक्षाचे प्रदर्शन भरले. दगडाचा तो फोटो भिंतभर मोठा करून लावला होता, खाली नाव: 'उडते करकोचे'. वकील आले, प्राध्यापक आले, शाळांच्या रांगा आल्या. "काय क्लॅरिटी आहे!" एक गृहस्थ पत्नीला म्हणाले. "अहो, इम्पोर्टेड कॅमेरा असणार," ती म्हणाली. दोघांनी मान डोलावली. जयराम सवयीप्रमाणे दाराशी उभा राहून मोजत होता.

एकूण प्रेक्षक आठशे चाळीस. 'छान' म्हणणारे आठशे सव्वीस. काही न बोलणारे चौदा. करकोचे कुठे आहेत, असे विचारणारे शून्य.