आठ भूमिपूजनं आणि एक पुतळा

एका जंगलात एक ओढा होता.

आता मागच्या ओळीतला तो गुटगुटीत उठून म्हणेल, "ओढ्याची कसली गोष्ट? सिंहाची सांगा." बस खाली. सिंह आहे गोष्टीत, पण त्याला काही काम नाही. बाळांनो, तुमची मतदानाची वयं झाली, तरी तुम्हाला अजून सिंहाच्याच गोष्टी लागतात. म्हणून तर ही सांगायची पाळी आली.

तर ओढा. आठ महिने घोट्याएवढा. उरलेले चार महिने असा फुगायचा, की रानरेडासुद्धा काठावर येऊन माघारी वळायचा.

अलीकडच्या काठाला भागूमावशी राहायची. साळिंदर होती, आणि सुईण होती. निम्म्या जंगलाची पोरं तिच्या हातांवर जन्मलेली. तिची एकुलती एक लेक तानी. तिला पलीकडच्या टेकडीवर दिली होती. श्रावणात तानी अडली. सांगावा आला तशी मावशी धावत निघाली, आणि काठावर येऊन थांबली. पाणी काठोकाठ, पाय टाकताच वाहून नेणारं. जगाची पोरं सोडवणारी बाई स्वतःच्या लेकीच्या हाका अलीकडून ऐकत बसली. दुपारी हाका थांबल्या. तानी वाचली, पोर गेलं.

वाईट वाटलं ना? मलाही वाटतं. दर वेळी वाटतं. पण पुढं ऐका.

तिसऱ्या दिवशी आमदार भेटायला आले. हो, आमदार! सिंहानं जंगलाला विधानसभा देऊन टाकली होती आणि स्वतः झोपायला मोकळा झाला होता. आपल्या भागाचे आमदार होते हंबीरराव तरस. तरसाचं तोंड मुळातच हसरं. त्यामुळं लग्नात ते शोभून दिसायचं आणि दुखवट्यात लोक मान खाली घालून बसायचे.

"मावशी," हंबीरराव हसऱ्या तोंडानं रडत म्हणाले, "ह्या ओढ्यावर पूल देतो. शब्द आहे माझा."

"मागच्या वेळीही दिला होतात साहेब."

"मग? परत घेतला का? तोच चालू आहे."

दिवाळीनंतर निवडणूक लागली. हंबीरराव ताठकान पक्षाचे उमेदवार. त्यांच्यासमोर उंचशेपूट पक्षाचे रंगराव रानडुक्कर. आचारसंहिता लागायच्या आदल्या दिवशी हंबीररावांनी पुलाचं भूमिपूजन उरकलं. रानरेड्यांच्या जोडीनं एक काठाएवढा उंच, वर सपाट दगड ओढत आणला. सुतारपक्ष्यानं त्यावर टोचून टोचून लिहिलं, 'आमदार हंबीरराव तरस यांच्या शुभहस्ते', आणि खाली पक्षाचे ताठ कान कोरले. ओढ्यात पाणी घोट्याएवढंच होतं. पहिला खांब जिथं येणार तिथं, काठापासून एका पावलावर दगड बसवला. कवठ फोडलं. टाळ्या झाल्या. कवठ आमदारांच्या माणसांनी खाल्लं.

हे ऐकून रंगराव चवताळले. "तो पूल बांधतो? पूल आमचा पक्ष बांधेल!" तेही त्याच संध्याकाळी दगड घेऊन हजर.

"कुठं ठेवू?" रेड्यांनी विचारलं.

"त्याच्या दगडाच्या शेजारी माझा दगड? ह्या रंगरावाचा? एक हात पुढं ठेवा!"

आणि ठेवला एक हात पुढं.

बाळांनो, ही गोष्ट इथंच फिरली. पण त्या दिवशी जंगलात कुणालाच ते कळलं नाही. कळलं फक्त भागूमावशीला.

निवडणूक झाली. हंबीरराव निवडून आले. पूल विसरले. त्यांचा दोष नाही, निवडून आल्यावर माणसाला, म्हणजे तरसाला, किती कामं असतात! सत्कारच चाळीस होते.

मावशी मात्र पाण्याला गेली की त्या दोन दगडांवर उभी राहायची. एका दगडावरून दुसऱ्यावर पाय आरामात पडायचा. समोरच्या काठाकडं बघून तिनं पावलं मोजली. एकूण नऊ. दोन झाली होती.

"सात दगड," ती स्वतःशी पुटपुटली. "पाच वर्षांला दोन. म्हणजे माझी लेक म्हातारी होणार."

संक्रांतीला टिटवीनं पलीकडून निरोप आणला. तानीला पुन्हा दिवस गेलेत. आषाढात बाळंत होईल.

आषाढात! ऐन पुरात!

मावशी रात्रभर झोपली नाही, असं मी सांगणार नाही. ती चांगली झोपली, सकाळी उठली, काटे विंचरले आणि थेट हंबीररावांच्या गुहेवर गेली.

"साहेब, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा की मावशी. तुमच्यासाठीच बसलोय."

"तुम्ही तीनदा निवडून आलात. तुम्हाला मंत्री कसं केलं नाही?"

हंबीररावांचं तोंड हसरंच राहिलं, पण कान पडले.

"वरिष्ठांचा निर्णय असतो."

"हो, ते आहेच. नाही, ओढ्यावर बायका बोलत होत्या. उंचशेपूटवाल्यांनी म्हणे त्या घारीला मंत्री केलं. पक्षात येऊन दोन महिने नाही झाले तिला. आमच्या साहेबांसारखा माणूस तिकडं असता तर... जाऊ दे. मला अडाणीला काय कळतंय? येते."

आली ती निघून. पंधरा दिवसांत हंबीररावांनी राजीनामा दिला आणि उंचशेपूट पक्षात प्रवेश केला. कशासाठी? मतदारसंघाच्या विकासासाठी. कुठलाही आमदार कुठंही गेला तरी त्यासाठीच जातो, हे पाठ करून ठेवा, परीक्षेला येतं.

पोटनिवडणूक लागली. आता गंमत बघा. उंचशेपूटचं तिकीट हंबीररावांना गेलं म्हटल्यावर रंगराव खवळून ताठकान पक्षात गेले. आणि ताठकान पक्षात चाळीस वर्षं निष्ठेनं सतरंज्या उचलणारं एक कासव होतं, त्याचं तिकीट रंगरावांना मिळालं. कासव म्हणालं, "मी पक्षाशी एकनिष्ठच आहे. पण आता अपक्ष उभा राहतो."

मावशी पुन्हा हंबीररावांकडं.

"साहेब, प्रचार जोरात आहे हं. फक्त ओढ्यातल्या त्या दगडावर तुमच्या नावाखाली अजून ताठ कान कोरलेले आहेत. लोक हसतात."

"अरे बापरे! काढून टाका तो!"

"काढलात तर लोक म्हणतील पूल रद्द केला. त्यापेक्षा नवीन बसवा. आणि साहेब, रंगरावांचा दगड तुमच्या एक हात पुढं आहे. तुम्ही त्याच्यापुढं जा."

तिसरा दगड पडला. तो बघून रंगरावांनी चौथा टाकला, ताठ कान कोरलेला, अर्थातच एक हात पुढं. कासवानं आपल्या आयुष्यातलं एकमेव भूमिपूजन केलं. त्याच्याकडं रेडे नव्हते. स्वतःच पाठीवर दगड घेऊन चार दिवस चाललं. पाचवा दगड. रुंदीला लहानसा, पण उंच आणि सपाट. बिचाऱ्याचं डिपॉझिट जप्त झालं.

हंबीरराव चौथ्यांदा निवडून आले आणि पाडव्याला मंत्री झाले. मासे खात्याचे.

मावशी बेलफळाचा हार घेऊन सत्काराला.

"साहेब, ऊर भरून आला. पण दगडावर नुसतं 'आमदार' लिहिलंय. पुढच्या पिढ्यांना कळायचं कसं?"

सहावा दगड. 'नामदार हंबीरराव तरस, मासे मंत्री'.

वैशाखात खातं बदललं. मासे गेले, मध आला. मध खातं म्हणजे केवढं मोठं! मावशीला काही बोलावंच लागलं नाही. तिनं नुसतं दगडाकडं बघून सुस्कारा सोडला. सातवा दगड.

दरम्यान जंगलातले बाकीचे तिला नावं ठेवायला लागले होते. सशाची बायको म्हणाली, "काय गं मावशी, त्या तरसाच्या मागंमागं फिरतेस? लाज नाही वाटत? त्यानं कधी पूल बांधलाय का?"

"नाही बांधला."

"मग?"

"मग काय? बांधणार पण नाही. तू फक्त रंगरावांच्या कानावर घाल, की ओढ्यात हंबीररावांचे चार दगड झाले आणि रंगरावांचे दोनच."

दुसऱ्या दिवशी रंगरावांनी निषेध म्हणून भूमिपूजन केलं. त्यावर कोरलं होतं, 'ह्या सरकारनं पूल न बांधल्याच्या निषेधार्थ'. आठवा दगड. एक हात पुढं.

आता एकच पाऊल उरलं. आणि ज्येष्ठ लागला होता. पश्चिमेला ढग दिसायला लागले.

हंबीरराव दौऱ्यावर. मावशी त्यांना शोधत तीन टेकड्या चढली. तिच्या पायांत गोळे आले.

"साहेब, एक शेवटचं. रंगरावांचा दगड सगळ्यात पुढं गेलाय."

"मावशी, आता निवडणूक नाही. दगडाचं पुढं बघू."

"दगड नको साहेब. दगड काय, कुणीही बसवतं. तुमचा पुतळा बसवा."

हंबीरराव मिशा सावरत म्हणाले, "जिवंतपणी बरं दिसेल का?"

"लोकांचा आग्रह आहे म्हणा."

"लोकांचा आग्रह असेल तर माझा नाइलाज आहे."

मृगाच्या आत पुतळा उभा राहिला. म्हणजे बसला. बैठा तरस, हसरा, रंगरावांच्या एक हात पुढं, पलीकडच्या काठाच्या अगदी लगत. सुतारपक्ष्याला घाई केलेली, त्यामुळं कान करायचे राहिले आणि डोकं सपाटच राहिलं. हंबीररावांनी ते बघितलं आणि म्हणाले, "विचारवंत दिसतोय."

मग पाऊस आला. ओढा फुगला. आणि आषाढातल्या एका सकाळी टिटवी ओरडत आली, "मावशी, तानी अडली!"

मावशी काठावर आली. समोर तेच गढूळ पाणी, तसंच घोंगावणारं. पण पाण्याच्या वर एका रांगेत आठ सपाट माथे, आणि शेवटी, हनुवटीपर्यंत बुडालेले, हसणारे आमदार.

तिनं पदर खोचला, असं म्हणा. साळिंदराला पदर नसतो, पण तुम्हाला कळलं.

हंबीररावांवर पाय. रंगरावांवर पाय. हंबीरराव, रंगराव. कासवाचा दगड जरासा डुगडुगला, पण टिकला. मंत्री. पुन्हा मंत्री. निषेध. आणि मग तिनं आमदारांच्या डोक्यावर भक्कम पाय रोवला आणि पलीकडच्या काठावर उडी मारली.

दुपारी टेकडीवरून एक बारीक आवाज आला. मुलगी झाली. तानी सुखरूप. साळिंदराच्या पिल्लाचे काटे जन्मताना मऊ असतात. मावशीनं त्यांवरून हात फिरवला, आणि इतके दिवस आवरून धरलेलं रडू तिनं पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून अख्खं जंगल त्या दगडांवरून ये-जा करायला लागलं. सशाची बायको सगळ्यात पुढं.

ही बातमी हंबीररावांना लागली. ते तणतणत ओढ्यावर आले. बघतात तो एक मुंगूस त्यांच्या नावावर चिखलाचा पाय ठेवून उभं, आणि डोक्यावरून उंदरांची रांग चाललेली.

"माझ्या नावावर पाय? माझ्या डोक्यावर पाय? रेडे बोलवा! आत्ताच्या आत्ता सगळे दगड काढा!"

पलीकडच्या काठावर तानी पिल्लाला घेऊन उभी होती. मावशी मात्र नऊही दगडांवरून चालत अलीकडं आली, सावकाश, एकेका नावावर पाय देत.

"साहेब, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"काय आहे?"

"निवडणुकीत तुम्ही काय करता?"

"प्रचार करतो."

"म्हणजे दारोदार जाऊन आमच्या पाया पडता. उन्हात. कंबर धरेपर्यंत. बरोबर? आता बघा. हे सगळे मतदार रोज दोनदा इथून जातात आणि तुमचं नाव रोज दोनदा प्रत्येकाच्या पाया पडतं. तुम्ही घरी झोपलात तरी. पावसातसुद्धा." ती परत जायला वळली. "अर्थात, काढायचेच असतील तर तुमचे काढा. रंगरावांचे राहू देत. ते पडतील पाया."

हंबीररावांनी पाण्याकडं बघितलं. मुंगसाकडं बघितलं. मग रंगरावांच्या दगडाकडं फार वेळ बघितलं.

"मावशी," ते हसऱ्या तोंडानं, आणि पहिल्यांदाच खरोखर हसत म्हणाले, "पुतळा अजून थोडा खाली नाही का बसवता येणार? पाय नीट लागत नाहीत."

पुढं काय झालं? पुढं हंबीरराव सातदा निवडून आले आणि त्यांनी अकरा वेळा पक्षांतर केलं. ओढ्यातली जागा केव्हाच संपली. दगड आता पलीकडच्या टेकडीच्या वाटेवर आलेत, एकेक हात पुढं. पावसाळ्यातसुद्धा चिखल लागत नाही. तानीची मुलगी त्यांच्यावरून उड्या मारत शाळेला जाते. शाळा अजून सहा दगड लांब आहे. पण ताठकान पक्षात फूट पडायची चिन्हं आहेत, असं मावशी सांगत होती, आणि ती कालच कुणालातरी भेटून आली होती.

तात्पर्य : बाळांनो, आमदार शब्द पाळतो का, हे बघत बसू नका. तो शब्द दगडावर कोरतो का आणि दगड सपाट असतो का, एवढंच बघा. आणि एकनिष्ठ उमेदवाराला चुकूनसुद्धा मत देऊ नका. तो फार भला असतो, पण उभ्या आयुष्यात त्याचा एकच दगड होतो, आणि तोही डुगडुगतो.