शुक्रवारची चिली

दर रविवारी संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला, की ग्रेडी भांडी घासायला लागे. घासायला भांडी नसली तर फडताळातली स्वच्छ भांडी काढून घासे. पण डार्ला त्याची बायको होती, तिला हे नाटक पाठ होते. बापाशी पाऊस, गुडघा आणि शेजाऱ्याचे कुत्रे एवढे विषय आटोपले, की ती फोन नवऱ्याच्या ओल्या हातात देई. मग सासरेबुवा, म्हणजे टेक्ससमधल्या सॅन अँजेलोचे हॉलिस, एकच प्रश्न विचारत.

"काय पोरा, तिथं धड चिली मिळायला लागली का?"

दोन वर्षे ग्रेडीने या प्रश्नाचे खरे उत्तर दिले. उत्तरेकडच्या थंड मुलखातले हे स्टाव्हांगर गाव चांगले आहे, तेलाची कंपनी पगार वेळेवर देते, खिडकीतून समुद्र दिसतो, पण चिली मिळत नाही. चिली म्हणजे बीफचे तुकडे, सुक्या लाल मिरच्यांचे वाटण, जिरे आणि मंद आच, बस्स. बंदरावरच्या हॉटेलात मागवली तर तिच्यात राजमा होता, मक्याचे दाणे होते, खाली भात आणि वर आंबट सायीचा गोळा. दुसरीकडे ती भाजलेल्या बटाट्यावर ओतून आली. तिसरीकडे दालचिनी लागली, तेव्हा डार्ला टेबलावरून उठूनच गेली. हे सगळे ऐकून पलीकडे हॉलिस लांब श्वास सोडत आणि गप्प होत.

ग्रेडीला त्या गप्प बसण्याचा धसका होता. हॉलिस यांचा उभा जन्म जिल्ह्यातल्या चिली स्पर्धांचे परीक्षक म्हणून गेला होता. राजम्याच्या एका दाण्यावरून त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला स्पर्धेतून बाद केले होते आणि मेव्हणा तेव्हापासून नाताळला येईनासा झाला होता. तसा ग्रेडी घरी चिली बरी करायचा, पण सासऱ्यांना ती खाऊ घालायची त्याची कधी छाती झाली नव्हती. शिवाय हॉलिस यांचे म्हणणे असे, की घरी काय, माणूस चंद्रावरही शिजवील. गावाची लायकी कळते ती बाहेर मिळणाऱ्या वाटीवरून. म्हणजे एकूण अर्थ ग्रेडीने असा लावला होता, की माझी एकुलती एक पोर कुठल्या मुलखात नेऊन टाकलीस, हे म्हातारा दर रविवारी विचारतो आहे.

एका रविवारी त्याचा संयम सुटला. प्रश्न आला आणि तो म्हणाला, "मिळते की. फक्कड मिळते."

पलीकडे हॉलिस खाकरले. मग, "कुठं?"

समोर खिडकीतून जेटीजवळची तुरिडची खानावळ दिसत होती. ग्रेडीने तिचे नाव ठोकून दिले. राजमा नाही ना? नाही. मिरची सुकी की डब्यातली? सुकी. खोटे बोलावे पण रेटून बोलावे, या न्यायाने त्याने वाफेचेही वर्णन केले. वास्तविक तुरिडकडे माशाचे सूप, कोळंबीचे पाव आणि गोड जाळीदार वाफल एवढेच मिळे. डार्ला शेजारी उभी राहून कपाळावर हात मारत होती.

पुढचे रविवार सुखाचे गेले. मग एक दिवस हॉलिस म्हणाले, की त्यांनी तिकीट काढले आहे.

"झालं," डार्ला म्हणाली. "आता कळेल."

तिला काय म्हणायचे आहे ते ग्रेडीला नीट ठाऊक होते. सॅन अँजेलोला डार्लाच्या चुलतभावाचा पंपांचा धंदा होता आणि तिथे ग्रेडीसाठी एक खुर्ची दोन वर्षे रिकामी ठेवलेली होती. हॉलिस यांनी ती गोष्ट फोनवर एक-दोनदा सहज म्हणून काढली होती. ग्रेडीला जायचे नव्हते. डार्लाला तर मुळीच नव्हते; ती आता चार बायकांबरोबर रोज सकाळी त्या बर्फगार पाण्यात डुंबत होती आणि जन्मात प्रथमच तिला वाटत होते की आपल्याला एक स्वतःचे गाव आहे. पण बापापुढे तिची जीभ उचलत नसे. "डॅडींना एक खोटं सापडलं ना," ती म्हणाली, "की त्यांनी चला म्हटल्यावर मला नाही म्हणता यायचं नाही. तू पायावर धोंडा पाडून घेतलास, तो दोघांच्या पायांवर पडलाय."

ग्रेडी दुसऱ्या दिवशी तुरिडकडे गेला. तुरिड साठीची, उंच, आणि सरळ इतकी, की गिऱ्हाइकाने सूप कसे आहे विचारले तर कालचे जास्त चांगले होते असे सांगणारी. तिने सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे मी खोटं बोलायचं."

"बोलायचं काहीच नाही. फक्त वाढायचं."

तुरिडने विचार केला. वाढायला तिची हरकत नव्हती. पण वाढायचे तर ते फळ्यावर लिहायला हवे. फळ्यावर लिहिले की जो मागेल त्याला द्यायला हवे. बाहेर शिजवलेले अन्न ती विकत नाही, म्हणून ग्रेडीने तिच्याच स्वयंपाकघरात येऊन शिजवायला हवे, डोक्याला टोपी घालून. आणि पाहुण्याने विचारले की हे कधीपासून मिळते, तर आजपासून असे ती सांगणार.

"मग मी आधीपासून येतो," ग्रेडी म्हणाला. "दर शुक्रवारी."

शुक्रवार त्याने मुद्दाम निवडला. तिथल्या रिवाजाने शुक्रवारी अख्खे गाव घरी टाको, म्हणजे खिमा भरलेल्या मक्याच्या पोळ्या, करून खाते, खानावळीत चिटपाखरू नसते. त्याने ऑफिसात चार शुक्रवारांची रजा मागितली, ह्यूस्टनहून येणाऱ्या सहकाऱ्यांच्या बॅगांतून सुक्या मिरच्या मागवल्या आणि पहिली चिली शिजवली. ती फेरीबोटीवरच्या एकाच खलाशाने खाल्ली. खाऊन तो म्हणाला, चांगली आहे, पण राजमा घालायचा राहिलाय. पुढल्या शुक्रवारी तो बोटीवरचे सगळे घेऊन आला. हिशेबात ग्रेडीची एकच चूक झाली होती. शुक्रवारी टाको खाऊन खाऊन विटलेली माणसे या गावात किती आहेत, हे त्याने धरलेच नव्हते. तिसऱ्या शुक्रवारी बसायला जागा नव्हती, आणि प्रत्येक जण जाता जाता तुरिडला विचारत होता, की राजमा कुठे आहे. तुरिडला रात्री झोप लागेना. लोक पूर्ण चिलीचे पैसे देतात आणि आपण अर्धीच वाढतो, असे तिला वाटू लागले.

चौथ्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी हॉलिस विमानातून उतरले. रुंद काठाची हॅट, चकचकीत बूट, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ बारीक झालेले. डार्लाच्या आईला जाऊन चार वर्षे झाली होती. विमानतळावरच त्यांनी विचारले, "तुरिडची खानावळ कुठल्या अंगाला?"

शुक्रवारी सकाळी ग्रेडीने सासऱ्यांना ऑफिसात तातडीची मीटिंग असल्याचे सांगितले आणि तुरिडच्या मागच्या दाराने आत शिरला. दुपारपर्यंत चिली अशी उतरली की त्याला स्वतःलाच भरून आले. आच बारीक करून, टोपी काढून, मागच्या दाराने तो बाहेर पडला, घरी गेला आणि सासऱ्यांना व बायकोला घेऊन पुढच्या दाराने परत आला. दोघांना कोपऱ्यातल्या टेबलावर बसवून तो हात धुवायच्या निमित्ताने आत गेला.

पातेल्यात राजमा होता. मक्याचे पिवळे दाणेही होते.

तुरिड समाधानाने ढवळत होती. "पातेलं रिकामं होत चाललं होतं," ती म्हणाली. "तुझ्या पाहुण्याला पुरलं नसतं. आणि लोक इतके दिवस मागतच होते. मी डबे फोडले."

बोलण्यासारखे ग्रेडीकडे होते ते तुरिडच्या वयाच्या बाईपुढे बोलता येण्याजोगे नव्हते. त्याने बाह्या सावरल्या, झारा घेतला, पालथ्या खोक्यावर बसला आणि राजमा वेचायला लागला. राजमा निदान दिसत तरी होता. मका मांसाला चिकटून बसला होता. तुरिडला दया आली, तीही चमचा घेऊन बसली. अन्न फुकट जाऊ नये म्हणून वेचलेले सगळे ती एका बशीत घेऊन खात होती आणि फार छान झालेय असे सांगत होती.

बाहेर डार्लाने बापाला आधी बंदर दाखवले, मग बोटी, मग बोटींची नावे वाचून दाखवली.

"याला हात धुवायला इतका वेळ लागतो?" हॉलिस म्हणाले.

"इथलं पाणी फार गार असतं, डॅडी."

शेवटी ग्रेडी घाम पुसत येऊन बसला आणि मागोमाग तुरिडने वाट्या आणल्या. हॉलिस यांनी हॅट काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. वाटी तिरपी करून रस्सा किती दाट आहे ते पाहिले, वास घेतला, मग पहिला चमचा तोंडात घालून डोळे मिटले. हॉलिस यांनी डोळे उघडले आणि सरळ तुरिडकडे वळून विचारले, "बाई, हे करतं कोण?"

या बाईने आजवर एकही खोटे उत्तर दिलेले नव्हते.

"शुक्रवारी एक टेक्ससचा माणूस येतो," तुरिड म्हणाली. "तो करतो."

हॉलिस यांनी मान डोलावली आणि पुन्हा चमचा घातला. तो वर आला तेव्हा त्यात राजम्याचा एक दाणा होता, गुबगुबीत, अख्खा. हॉलिस यांनी चमचा उजेडाकडे धरला. डार्लाने टेबलाखाली ग्रेडीचा गुडघा इतका जोरात दाबला की तो कळवळला. मेव्हण्याला ज्या नजरेने बाद केले असेल त्याच नजरेने म्हातारा त्या दाण्याकडे पाहत राहिला.

मग त्यांनी चमचा तोंडात घातला, दाणा चावला, आणि गिळला.

नंतर त्यांनी सावकाश वाटी संपवली. ग्रेडी आणि डार्लाच्या वाट्या तशाच भरलेल्या होत्या. हॉलिस यांनी पावाच्या तुकड्याने वाटी पुसली, रुमालाने मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पास."

"डॅडी," डार्ला म्हणाली, आणि तिने एकदाचा धीर केला. "आम्ही परत यायचं नाही म्हणतोय. पंपांच्या धंद्यात ग्रेडीला नाही जायचं. मलाही नाही."

हॉलिस यांना अर्थबोध होईना. "कोण म्हणालं परत या? ती खुर्चीची गोष्ट तुझा भाऊ माझ्या मागं लागला होता म्हणून बोललो." त्यांनी शेजारची हॅट उचलून मांडीवर घेतली. "मी घर विकायला काढलंय, डार्ला."

त्यांनी रिकामी वाटी बाजूला सारली. "चिली एकट्यापुरती होत नाही. तुझ्या आईच्या पातेल्यात करतो, रविवारी. मग गुरुवारपर्यंत तीच खातो. शेजाऱ्याच्या कुत्र्याला देतो, तर तो आता मला चुकवतो. म्हणून दर वेळी फोनवर विचारायचो, तिथं मिळते का म्हणून. मिळत असती तर तुमच्याकडं यायला काही निमित्त झालं असतं. उगीच कसं यायचं? आणि हा पठ्ठ्या दोन वर्षं नाहीच म्हणत राहिला."

डार्ला रडायला लागली. ग्रेडीला लाज वाटली, आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखेही वाटले. सासरेबुवा त्यांना न्यायला आलेच नव्हते. राहायला आले होते. पंप गेले, खुर्ची गेली, खोटेही पचले. आपण एकंदरीत हुशार माणूस आहोत असे वाटून त्याने वाटी पुढे ओढली आणि आता पोटभर जेवला.

हॉलिस यांनी तोवर तुरिडला बोलावून तिच्या तळघरातली एखादी खोली भाड्याने मिळेल का ते विचारून घेतले. कोपऱ्यातले हेच टेबल त्यांनी दर शुक्रवारसाठी आपल्या नावावर केले. आठवड्याचे बाकीचे दिवस मासे सोसू, असेही कबूल केले. तुरिड खूश झाली. तिने आठवडाभरात ऐकलेली ही सगळ्यात मोठी स्तुती होती.

निघताना डार्ला डोळे पुसत पुढे गेली. दारात हॉलिस यांनी हॅट घातली, जावयाचा हात धरला आणि त्याच्या बाहीला चिकटलेला मक्याचा दाणा दोन बोटांनी अलगद काढला.

"मीटिंगमध्ये मका देतात वाटतं," ते म्हणाले.

ग्रेडीने घाईघाईने दुसरी बाही झटकली.

"हात चांगला आहे तुझा. पुढल्या शुक्रवारी जिरं थोडं आधी घाल. आणि तेवढे डबे फोडू देऊ नकोस तिला. एक दाणा मी गिळला, पण दर आठवड्याला नाही जमायचं."

"हो सर," ग्रेडी म्हणाला. पुढल्या शुक्रवारी त्याची खरोखरच मीटिंग होती.