वेटोळेनगरीत टिकलीची फेरी

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे हं बाळांनो, आपल्याकडे असले काही होत नाही, खवलोपंत नावाचे एक खवल्या मांजर राहत होते. मुंग्या खाव्यात, कुणाच्या अध्यातमध्यात नसावे आणि कुठे खुट्ट झाले की अंगाचे वेटोळे करून गोळा व्हावे, एवढाच त्यांचा संसार. घरात ते आणि त्यांची लेक टिकली.

शेजारी साळिंदरबाई राहत. त्यांना चित्रांचा नाद. पाठीवरचा एक काटा उपटायचा, शाईत बुडवायचा आणि दर आठवड्याला ‘जंगलवार्ता’च्या शेवटच्या पानावर चार चौकटींची चित्रकथा काढायची. तिचा नायक वेटोळेराव. पहिल्या चौकटीत वेटोळेराव ऐटीत फिरायला निघत. दुसरीत झाडावरून एक पान पडे. तिसरीत ते घाबरून गोळा होत आणि चौथीत उतारावरून गडगडत कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन आदळत.

वेटोळेराव कुणावरून काढलेत, हे सगळ्या जंगलाला ठाऊक होते. खवलोपंतांनाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. पण टिकली प्रत्येक अंक उशाशी घेऊन झोपे, म्हणून ते गप्प बसत.

मुले वेटोळेरावांना इतकी हसू लागली की मोठ्यांना राहवेना. मोठ्यांचे असेच असते, बाळांनो. मुले कशाला हसताना दिसली की त्याला कुंपण घालून तिकीट लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. टेकडीवर ‘वेटोळेनगरी’ उभी राहिली. उदमांजरसाहेब तिचे व्यवस्थापक झाले.

दारात वेटोळेरावांचा दोन सागांएवढा पुतळा बसवायचे ठरले. पण गोळा झालेला पुतळा केला तर तो वेटोळेरावांचा की कलिंगडाचा, हे कळणार कसे? समितीने तीन बैठका घेतल्या आणि वेटोळेरावांना सरळ उभे केले. छाती पुढे, हात कमरेवर, तोंडात बत्तीस दात. खवल्या मांजराला एकही दात नसतो, असे एक म्हातारे कासव म्हणाले. त्याला समितीतून काढून टाकले.

आत वेटोळे आगगाडी होती, वेटोळे पाळणा होता. पण सगळी गर्दी ‘महागडगडी’ला. वेताचा एक भलामोठा गोळा, आत बाके, बाकांना पट्टे. मुलांना बांधायचे आणि टेकडीवरून सोडून द्यायचे. शेजारी पाटी होती : ‘पाठ ताठ ठेवावी. वेटोळे करण्यास सक्त मनाई.’

“बाबा, अख्खा वर्ग महागडगडीत बसून आलाय,” टिकली एके दिवशी म्हणाली. “सगळे म्हणतात, तुझ्या बाबांची नगरी आणि तूच नाही गेलीस? एकच फेरी. मग मी काहीच मागणार नाही.”

पुतळ्यासमोरून जायचे म्हणजे खवलोपंतांच्या अंगावर काटा यायचा. पण टिकलीने आजवर काही मागितले नव्हते. ते निघाले.

टिकली बाकावर बसली. पाठ ताठ केली. पट्टा बांधला. सुटण्याचा भोंगा वाजला आणि टिकली टुणकन गोळा होऊन पट्ट्यातून खाली पडली. पुन्हा बसवली. पुन्हा भोंगा, पुन्हा गोळा. तिसऱ्यांदा उदमांजरसाहेब स्वतः आले.

“अहो, घरी काही शिकवता की नाही? वेटोळेरावांच्या नगरीत येऊन वेटोळं करते पोरगी!”

“आमचं अंगच तसं आहे, साहेब. वेटोळेरावसुद्धा घाबरले की...”

“वेटोळेराव घाबरतात? आमचे?” साहेबांनी पुतळ्याकडे बोट दाखवले. “बघा जरा त्यांच्याकडे.”

खवलोपंतांनी बघितले. बराच वेळ बघितले. मग त्यांनाही वाटू लागले की आपलेच काहीतरी चुकते आहे.

“उतरवा हो तिला!” रांगेतून एक रानम्हैस ओरडली. “आमची पोरं सकाळपासून ताटकळलीत!”

टिकलीला उतरवले. ती उताराच्या कडेला उभी राहिली. “बाबा, आता मी सरळ बसेन. तुम्ही त्यांना आणखी एकदा विचारा ना.”

विचारायला म्हणून खवलोपंतांनी हात जोडले, तोंड उघडले, आणि नेमका तेव्हाच भोंगा त्यांच्या कानाशी किंचाळला. त्यांनी टिकलीला पोटाशी ओढले आणि तिच्याभोवती आपले वेटोळे घातले. त्यांच्या आईने त्यांच्यासाठी हेच केले होते. तिच्या आईनेही तिच्यासाठी हेच केले होते. पण त्या दोघींच्या वेळी पुढे गुळगुळीत केलेला उतार नव्हता.

ते सुटले. गडगडत, उड्या घेत, खाऊच्या टपरीला वळसा घालून थेट तळ्याकाठच्या वाळूत जाऊन थांबले.

वरून हत्तीचे पोर ओरडले, “वेटोळेराव! अगदी पेपरातल्यासारखे!”

सगळी रांग धावत खाली आली. उदमांजरसाहेबही आले, ते चांगले तणतणत. पण त्यांनी आधी मुलांकडे बघितले, मग वर रिकाम्या पडलेल्या वेताच्या गोळ्याकडे, आणि आवाज एकदम मऊ केला. साहेबांना अक्कल होती, बाळांनो. ते ती उगाच वापरत नसत, एवढेच.

“न्या वर,” त्यांनी दोन अस्वलांना सांगितले. “सावकाश. आणि उघडू देऊ नका.”

वर न्यायचे, उतारावरून सोडायचे, अशा फेऱ्या सुरू झाल्या. खवलोपंतांना उघडायचे होते, उघडून या सगळ्यांना चार शब्द सुनावायचे होते. पण खवल्या मांजराला उघडायला भोवती थोडी शांतता लागते. इथे प्रत्येक पोर हात लावून बघत होते, ढकलत होते, टाळ्या पिटत होते. सातव्या फेरीला त्यांची पाठ सोलवटून निघाली.

आत पोटाशी मात्र टिकली खदखदून हसत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “आपल्याला पट्टासुद्धा लागला नाही! अजून एकदा!”

खवलोपंतांना रडू आले. टिकलीला कळू नये अशा बेताने त्यांनी अंग आणखी घट्ट आवळले आणि अस्वलांची वाट बघू लागले.

तात्पर्य : मुलांनो, आपल्या भित्रेपणाची कधी लाज बाळगू नये. तो पुरेसा गोल असला आणि समोर बरा उतार मिळाला, तर समाज त्याला डोक्यावर घेतो, पुन्हा सोडून देण्यासाठी.