वानखडे सरांच्या स्प्रिंगा

वानखडे सरांना पेन देऊ नये. पेन परत मिळतं, आतली स्प्रिंग मिळत नाही. आमच्या गल्लीत खटक्याचं एकही पेन धड चालत नाही. सही करायला खटका दाबावा तर रिफील आतच लोळत पडते, आणि शेजारी सर निष्पाप चेहऱ्याने उभे.

सर अमरावतीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. मातीतला एक जीवाणू उपाशी पडला की टणक कवचाआड बीजाणू होऊन वर्षानुवर्षं पडून राहतो. बीजाणू व्हायचं की नाही, हा निरोप त्याच्या पेशीत चार प्रथिनं एकमेकांना पोचवतात. त्या प्रथिनांचे आकार शोधणं हा सरांचा जन्माचा ध्यास. त्यांच्या बैठकीत या आकारांची मॉडेलं टांगलेली आहेत. पीळदार भागाला आमच्या पेनांच्या स्प्रिंगा, चपट्या भागाला तेलाच्या डब्याचा पत्रा. तिथे चहा प्यायचा तो डोळे सांभाळून.

"उपास घडला म्हनून गडी एकदम कवच नाही घालत, भाऊ," सर मला सांगतात. "एक नंबर दोनले सांगते, दोन तीनले, तीन चारले. चौथ्यानं हुकूम दिला का मंगच कवच. मधात निरोप पुसून टाकनारेही ठेवले हायेत. घाईत काई नाही झालं पायजे!"

हे शास्त्र सरांनी संसारातही आणलं, म्हणजे आणावं लागलं. त्यांच्या पत्नी सुमनताई अकोल्याला माहेरच्या घरी राहतात. ताईंच्या आईच्या तेरवीला सर गेले नव्हते. कॉलेजातला फ्रिज सतत कोणीतरी उघडतं म्हणून सरांनी आकार शोधायला लागणारे प्रथिनाचे स्फटिक घरच्या फ्रिजमध्ये वाढवायला ठेवले होते. वीज सारखी जायची आणि सर बर्फ घेऊन फ्रिजपाशी बसून होते. स्फटिक शेवटी विरघळलेच. ताई तेरवी आटोपून परत आल्याच नाहीत.

तेव्हापासून दोघांत सरळ बोलणं नाही. मी नोकरीसाठी रोज अकोल्याला जातो. सर निरोप मला देतात, मी तो ऑफिसातल्या इंगळे मॅडमना देतो आणि मॅडम त्यांच्या शेजारी राहणाऱ्या ताईंना. सर एक, मी दोन, मॅडम तीन, ताई चार. "दोन नंबरले डोकं नसते," सरांनी मला एकदा समजावलं. "फक्त एक खाच असते. निरोप खाचीत घ्याचा अन् पुढच्याले द्याचा." माझ्या बायकोला हे शास्त्र लगेच पटलं.

निरोप असायचे साधेच. गॅसचं बुक कुठं हाय, लोणच्यात मीठ किती. ताईंचं उत्तर यायचं, "सांगा त्यायले, फ्रिजले विचारा." मी मधला पुसणारा होऊन ते गाळायचो आणि मिठाचं प्रमाण बायकोला विचारून सांगायचो.

यंदाच्या उन्हाळ्यात इंगळे मॅडमनी मला ऑफिसच्या जिन्यात गाठलं. "सुमनताईच्या छातीत गाठ निघाली. तपासाले पाठवलं, उद्या रिपोर्ट येते. सरांले सांगू नका म्हने."

गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी न सांगायचं ठरवलं आणि बडनेरा येईपर्यंत सांगायचं.

सर भलतेच खुशीत होते. "भाऊ, यावेळी स्फटिक धरून राहिले! खसखशीएवढे झाले!" मी एका दमात सगळं सांगून टाकलं. सरांनी माझ्या खिशातलं पेन घेतलं, उघडलं, स्प्रिंग काढली आणि ताणून ताणून तिची सरळ तार केली. सरांच्या हातून वाया गेलेली ती पहिली स्प्रिंग असावी.

"विचारा तिले," ते म्हणाले, "मी येऊ काय?"

दुसऱ्या दिवशी मॅडमची खुर्ची रिकामी. रिपोर्टसाठी ताईंना घेऊन मॅडमच दवाखान्यात गेल्या होत्या आणि त्यांचा फोन लागत नव्हता. सरांचा मात्र सारखा लागत होता.

"काय म्हने?"

"सर, मॅडम रजेवर आहेत."

"मंग पुढं कसं?"

दर फोनला आवाज आणखी बारीक. मी एक फाइल भलत्याच टेबलावर पाठवून बोलणी खाल्ली. उठून सरळ ताईंकडे जाता आलं असतं, पण तसं सुचलंच नाही. दोन नंबरला डोकं नसतं हे खरं असावं. दुपारनंतर सरांचे फोन यायचे थांबले, मी लावला तर बंद.

संध्याकाळी अकोला स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट पाहत होतो, तर अमरावतीकडून आलेल्या गाडीतून सर उतरले. पायात घरातल्या स्लिपर, हातात जेवणाचा डबा, तोंड उन्हाने लाल.

"सर, आणि स्फटिक? तिकडे सकाळपासून लाइट नाही म्हणतात."

"जाऊ द्या," सर म्हणाले. "संग चला माह्या. मले सरळ बोलाचं नाही जमत."

दार ताईंनीच उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना आणि रिपोर्टचं विचारायची माझी हिंमत होईना. दोघांमध्ये हातभर अंतर आणि त्यात मी उभा.

सर माझ्याकडे वळले. "विचारा तिले, जेवली काय."

ताईंनीही माझ्याकडेच पाहिलं. "सांगा त्यायले, सकाळपासून नाही."

मी कोणालाच काही सांगितलं नाही. चपला काढायच्या निमित्ताने बाजूला झालो आणि उगाच वाकून राहिलो.

"सुमन," सरांचा आवाज आला, "मले लय भेव वाटून राहिलं."

"फ्रिजपाशी कोन हाय?" ताईंनी विचारलं. या वेळी सरळ त्यांनाच.

"कोनीच नाही."

ताईंनी त्यांच्या हातातला डबा घेतला.