लिंबाचा खिसा

पेडण्याच्या बसस्टँडवर कुणी "हरमलला कसं जायचं?" म्हणून विचारलं, की आमचा सदूबाब आधी त्याचा चेहरा निरखतो आणि म्हणतो, "तुमका ओकारी येता?"

पाहुणा बिचारा गोरामोरा होतो. हौसेने समुद्र बघायला आलेला माणूस, आणि त्याला हे असलं! पण सदूबाबचं शिंप्याचं दुकान स्टँडला लागूनच, त्यामुळे सुटका नाही. गोव्यात यायच्या सगळ्या वाटा त्याला पोटाच्या बाजूने पाठ. "आंबोली घाट? पुढच्या सीटवर बसा. चोर्ला घाट? उपाशी या. आगगाडी सगळ्यांत बरी." मोपाला विमानतळ झाला तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, "आता विमान सांगा की!" तर म्हणतो, "विमानात सीटसमोर पिशवी ठेवतत. म्हणजे तेंकाच खात्री आसा, माणूस ओकतलो!"

शर्टाला त्याने लिंबांसाठी वेगळा खिसा शिवलाय. आम्ही त्यावरून त्याला फार छळायचो.

मग एकदा त्याच्या बायकोने, सुमतीवहिनीने मला सांगितलं. त्यांची शैला बेळगावला दिलेली. लग्नानंतर पहिल्याच चवथीला, म्हणजे गणपतीला येताना चोर्ला घाटात तिचे असे हाल झाले, की तिने प्रवासाचं नावच टाकलं. पाच वर्षं पोर माहेरी आली नाही. तेव्हापासून हा दुकानाला कुलूप लावून कधी या वाटेने, कधी त्या वाटेने बेळगावला जाऊन यायचा, कुठे पोटात ढवळतं ते बघायला. छळल्याची मला लाज वाटली.

गेल्या चवथीला तो तिला आणायला गेला. लोंढ्यावरून आगगाडी, मडगावला बदलून पेडणे, पुढे रिक्षा. वहिनी सकाळपासून स्टँडवर उभी, तिच्यासोबत मीही.

रिक्षा आली. शैला टुणकन उतरली.

"बाय, ओकारी?"

"एकदाय नाय गो आई!"

हुश्श! माझाही जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मागून सदूबाब उतरला आणि धावत गटाराकडे गेला. खिसा रिकामा होता. सगळी लिंबं लेकीला दिलेली.

"ह्यांका पयल्यापासून येता," वहिनी म्हणाली. "लग्नाच्या गाडीतसुद्धा इली होती!"

सदूबाब तोंड पुसत आला. "वाट बरी आसा. आता दर चवथीक ये गो बाय."

डोळ्यांतलं पाणी ओकारीचं, असं तो सांगत होता. सांगू दे.