कामरगावच्या घाटात हेड गेलं

मोटारीचं इंजिन या विषयात अख्ख्या नगर जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं माझं ठाम मत होतं. सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी सकाळपर्यंत ते टिकलं.

लढाई संपली, छावणीतले गोरे अधिकारी विलायतेला निघाले आणि त्यांच्यातल्या एकाची चिमुकली मोटार मी हौसेनं गळ्यात बांधून घेतली. मी आमोस, मिशनच्या शाळेचा हेडमास्तर. शिपायापासून पोरांपर्यंत सगळे मला नुसतं ‘हेड’ म्हणत. मोटारीबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी पाठ केलं आणि रोज जेवताना बायकोला म्हणून दाखवू लागलो.

“मरिया, सात घोड्यांचं इंजिन आहे. चार सिलिंडर. आणि गंमत म्हणजे पाण्याला पंपच नाही! गरम पाणी आपलं आपण वर चढतं, गार झालं की खाली उतरतं.”

“आमटी वाढू का?”

“सिलिंडरांवर जे लोखंडी झाकण असतं ना, त्याला हेड म्हणतात. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की त्याला तडा गेलाच म्हणून समज. अडाणी ड्रायव्हर हमखास तेच करतात.”

“वाढू का नको?”

मोटारीची दुखणीही मला तोंडपाठ होती. हँडल उलटं फिरून मनगट धरायचं, दमट हवेत ठिणगी रुसायची, चढावर पाणी उकळायचं. एवढं कळल्यावर आता काय बिघडणार, असं मला वाटायचं.

त्या मंगळवारी शाळेची तपासणी होती. आम्हाला सातवीचा वर्ग मिळणार की नाही, ते त्या दिवशी ठरायचं होतं. न मिळाला तर सहावीच्या मुली घरी बसणार, कारण लांबच्या शाळेत त्यांना कुणी धाडणार नव्हतं. तपासणीचे देवकुळेसाहेब आदल्या दिवशी सुप्याच्या बंगल्यावर उतरले होते.

“साहेबांना सर्व्हिस मोटारीनं येऊ द्या,” मरिया म्हणाली.

“अगं, मी स्वतः आणलं तर छाप पडेल.”

मी हॅट घातली आणि निघालो. सुप्याहून साहेबांना घेतलं, वाटेत त्यांना चारही सिलिंडरांची ओळख करून दिली. कामरगावचा घाट लागला आणि पुढून वाफ निघू लागली.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“पाणी वर चढतंय साहेब. आपलं आपण.”

मग काही दिसेनासंच झालं. मोटार थांबली, साहेब उतरून दगडावर बसले. त्यांच्यासमोर हात बांधून उभं राहणं मला शोभेना. मी धावत जाऊन विहिरीवरून बादलीभर गार पाणी आणलं आणि इंजिनात ओतलं.

टण्!

माहितीपुस्तकातलं पान नेमकं त्याच क्षणी आठवलं.

“काय झालं?” साहेब म्हणाले.

“हेड गेलं,” मी म्हणालो.

तेवढ्यात सूर्यभान गवळी सायकलला दुधाच्या कॅन अडकवून नगरकडे निघालेला दिसला. ओळख ना पाळख, पण मी त्याला गाठून झालेलं सगळं सांगितलं. “मिशनच्या शाळेत सांग, हेड गेलं. हे आता चालणार नाही, दुसरं पाठवा.” दुसरं म्हणजे वाहन, हे सांगायला हवं असं मला वाटलं नाही.

पुढचं मला नंतर कळलं. शाळेत सूर्यभानला दानीएलसर भेटले. ते व्याकरण शिकवत. खेड्यातली माणसं ‘पाहुणे आले’ला ‘पाव्हणं आलं’ म्हणतात, हे त्यांना मुळीच खपत नसे. ऐकता ऐकताच ते सगळं मनात शुद्ध करून घेत.

“हेड गेलं,” सूर्यभान म्हणाला.

सरांनी शुद्ध केलं. हेड गेले.

“अरे देवा. कुठे?”

“कामरगावच्या घाटात. लई तापलं हुतं. पानी दिलं, पन पानी पोटात गेलं आन् खलास.”

“शेवटचं काही बोलले का?”

“न्हाई. टण् वाजलं फकस्त.”

“जवळ कोण होतं?”

“दोन सायब हायेत. त्यातलं हॅटवालं म्हनलं, हे आता चालनार न्हाई, दुसरं पाठवा.”

आपले हेड अजून गारही पडले नाहीत आणि साहेब दुसरे मागतात, याचं सरांना फार वाईट वाटलं. मग दुसरे म्हणजे आपणच, हे ध्यानात येऊन त्यांनी कोटाची बटणं लावली आणि घंटा वाजवली.

मी आणि साहेब दुपारी शाळेपाशी पोचलो ते बैलगाडीतून, कांद्याच्या गोण्यांवर बसून. दाराशी फळा होता. ‘आमचे प्रिय हेड आज प्रभूकडे गेले. शाळेस सुट्टी.’

साहेबांनी फळा वाचला, मग मला निरखलं. “हे तुम्हीच का?”

“हो साहेब. म्हणजे नाही साहेब.”

वर्ग ओस पडले होते. सहावीची रिकामी बाकं बघून मला रडू कोसळलं. माझ्या निधनावर त्या दिवशी रडलेला मी एकटाच.

शिपायानं सांगितलं की सगळी शाळा हेडच्या घरी सांत्वनाला गेली आहे. आम्ही गाडी तिकडे वळवली. लांबूनच पाढे ऐकू आले. अंगणातल्या चिंचेखाली सगळे वर्ग ओळीनं बसले होते, पुढे मरिया उभी होती, आणि कडेला दानीएलसर हातात फुलांचं चक्र घेऊन खाली मान घालून उभे होते. मला पाहून त्यांनी ते पाठीमागे लपवलं.

साहेबांनी खुर्ची मागवली. “तपासणी इथंच होऊ द्या. सहावीच्या मुलींनो, आज काय शिकलात?”

मुली एका सुरात म्हणाल्या, “हेड दोन प्रकारचे असतात साहेब. मोटारीचं हेड, नपुंसकलिंगी. शाळेचे हेड, आदरार्थी पुल्लिंगी. मोटारीचं गेलं. शाळेचे गेले नाहीत.”

“आणि मोटारीचं का गेलं?”

“तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं म्हणून,” त्यांच्यातली जरीना उठून म्हणाली. “अडाणी ड्रायव्हर हमखास तेच करतात.”

साहेब पोट धरून हसले. सातवी मिळाली. मी कांद्याचा वास येणारी हॅट काढून हातात धरली.

रात्री जेवताना न राहवून मी विचारलं, “सगळी शाळा म्हणत होती हेड गेले. तुझ्या काळजात जरासुद्धा धस्स झालं नाही?”

“झालं ना. म्हणून तर शाळेबरोबर आलेल्या त्या सूर्यभानला पुढ्यात बसवून विचारलं. तापलं होतं, गार पाणी ओतलं, टण् वाजलं. मग कळलं, मोटारीचं.”

“पण माझंच डोकं फुटलं असतं तर?”

“तो म्हणाला, हेड आज सकाळी गेलं. तुमचं तर मोटार घेतली त्याच दिवशी गेलंय.” तिनं पळी उचलली. “आमटी वाढू का?”

मी वाटी पुढे केली.